साडेनऊ तासांची वाट

विमान आभाळात स्थिरावलं तसे माईंनी घट्ट मिटलेले डोळे उघडले. समोरच्या पडद्यावर नकाशाला चिकटलेलं एक चिमुकलं विमान होतं. अंतर आठ हजार किलोमीटर, वेळ साडेनऊ तास. जन्मभर शिवणाच्या टेपनं मापं घेतलेल्या माईंच्या डोक्यात हा आकडा काही मावेना. लेकीचं बाळंतपण नसतं, तर त्या या भानगडीत पडल्याच नसत्या.

शेजारी एक म्हातारा होता, पलीकडे एक तरुण. म्हाताऱ्यानं पांघरूण हातांवर ओढून घेतलं होतं, पण मान सारखी खिडकीकडे. जागा बदलू या का, असं माईंनी विचारलं, तर तरुणच म्हणाला, ते आहेत तिथं बरे आहेत. जेवण आलं तेव्हा त्यानं म्हाताऱ्याच्या डब्याचं झाकण काढलं, पावाला लोणी लावून दिलं. बाथरूमला नेलं तेव्हाही पांघरूण तसंच म्हाताऱ्याच्या हातांवर होतं आणि तरुण दाराशी उभा राहिला. माईंचा स्वतःचा मुलगा गाडी लावायला जागा नाही म्हणून विमानतळाच्या फाटकातूनच परतला होता. पोटचा पोर असावा तर असा, त्यांना वाटलं.

खाली वाळवंट लागलं. त्याला अंतच दिसेना.

"त्या काळ्या टेकडीमागं विहीर आहे," म्हातारा म्हणाला. "पाणी खारट, पण पिता येतं."

तुम्हाला कसं ठाऊक, माईंनी विचारलं. तो म्हणाला, तिथून चालत गेलो होतो. कुठवर? आज सकाळी आपण निघालो, त्या शहरापर्यंत. मधला समुद्राचा तुकडा तेवढा होडीनं. दोन हिवाळे वाटेत गेले.

पायी जग फिरणाऱ्या हौशी माणसांचे फोटो माईंनी पेपरात पाहिले होते. त्यातलाच एक आपल्या कोपराला कोपर लावून बसलाय, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला. मग त्या विचारत राहिल्या आणि तो सांगत राहिला. बर्फातल्या खिंडीत मेंढपाळांनी त्याला थंडी सरेपर्यंत ठेवून घेतलं होतं. एका नदीला उतार शोधण्यात त्याचे कितीतरी दिवस गेले होते. ती नदी बोलता बोलता खालून सरकून गेली. माई खिडकीला कपाळ टेकवून बघत राहिल्या. एवढी पृथ्वी, आणि ती या दोन पायांखालून गेलेली.

"पण इतकं चालायचं कशासाठी?"

"लेकीकडे जायचं होतं."

"मीपण लेकीकडेच चाललेय," माई हसल्या. "विमान नव्हतं का?"

"माझ्यासाठी नव्हतं."

माणूस हट्टी दिसतो, माईंना वाटलं. त्यांचा आदर आणखीच वाढला. तरुण मात्र दुसरीकडे बघत होता.

विमान उतरलं. तरुणानं माईंची पिशवी वरून काढून दिली. आम्ही शेवटी उतरू, म्हणाला. दाराशी गणवेशातली दोन माणसं थांबलेली होती. एवढ्या मोठ्या माणसाला घ्यायला कुणी येणारच, असं मनाशी म्हणत माई निरोप घ्यायला मागे वळल्या.

तरुणानं खिशातून बारीक किल्ली काढली होती.

"हात पुढं करा, बाबा," तो हळूच म्हणाला आणि त्यानं बेडी सोडवली. "तिसऱ्यांदा आणून सोडतोय तुम्हाला. आता तरी कागदांशिवाय पुन्हा चालत येऊ नका."