हिरवा ठिपका

लेकीच्या हळदीच्या सकाळी शालनने कपाळावर टॅटूचा कागद ठेवला आणि वरून ओला रुमाल दाबून धरला. पाकिटात मोर होते, फुलपाखरं होती. तिने हिरवा ठिपका निवडला होता, सासूबाईंच्या गोंदणासारखा. नवरा गेल्यापासून तिचं कपाळ कोरंच होतं.

मांडवात थोरल्या जाऊबाईंनी तिला बाजूला घेतलं. "हे काय लावलंस? आधी पूस. लोक बघतायत."

"टिकली नाही ही, जाऊबाई, गोंदण आहे. मामंजी गेले तेव्हा सासूबाईंचं कुंकू पुसलंत. गोंदण राहिलंच ना? माझंही राहील."

जाऊबाईंनी मोठ्या आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं, मग सुनेची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"मधोमध नाही बसला," त्या म्हणाल्या. "दुसरा आहे का पाकिटात?"