आधी पिल्लू
लग्न होऊन साताऱ्याहून चेन्नईतल्या मराठी घरात आलेल्या केतकीच्या मोबाइलवर तिच्या सासूबाई अजब प्राणी पकडून झुंजवायचा खेळ खेळत होत्या. आज गाठ शेवटच्या उस्तादाशी होती. "अम्मा, पहिल्यापासून आपला ड्रॅगनच सोडा," केतकीने बजावलं होतं. सासूबाईंनी कालच पकडलेलं कासवाचं पिल्लू पुढे केलं.

"अहो, मरेल ते!"

"मरू देते होय? एक घाव झेललं की माघारी बोलावते. मैदानात उतरलं तरच अंगात बळ येतं. मागं ड्रॅगन आहे की."

झालंही तसंच. पिल्लू माघारी आलं, ड्रॅगनने उस्तादाला लोळवलं आणि जिंकल्यावर पिल्लाचीही ताकद वाढली.

केतकीला एकदम बाजारातल्या फेऱ्या आठवल्या. टी. नगरच्या साडीच्या दुकानात सासूबाई अस्खलित तमिळ येत असूनही तोंड मिटून मागे उभ्या राहायच्या आणि मोडकंतोडकं बोलायला तिलाच पुढे ढकलायच्या. आपली फजिती बघायला त्यांना आवडतं, असंच ती धरून चालली होती.

"अम्मा, गेल्या आठवड्यात घेतलेली ती साडी उद्या बदलून आणू या," ती म्हणाली. "बोलेन मीच. तुम्ही फक्त मागे उभ्या राहा."