इजा: निरंक

"पण इजा कोणाला झाली?" वकीलबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कोणालाच नाही, मॅडम," रचना म्हणाली. मार्चमध्ये हे उत्तर देताना तिला अभिमान वाटायचा. आता नुसता थकवा आलेला.

नौपाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात टेबलफॅन होता, पण कागद उडतात म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलेलं. रचनाशेजारी शांताबाई पदराने वारा घेत बसली होती. दोघी सकाळीच डोंबिवलीहून निघालेल्या. आधी दोन कचेऱ्यांत जाऊन आल्या होत्या. तिथल्यांनी वकील बघा म्हणून सांगितलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी एका केमिकल कारखान्याच्या टाकीतून वायू सुटला. रचनाचं पाळणाघर तिथून तीन गल्ल्यांवर. मुलं जेवून झोपलेली. रचनाच्या घशात खवखवलं, खिडकीबाहेर पिवळट धूर दिसला. कारखान्याचा भोंगा वाजायची तिने वाट पाहिली नाही. चादरी पाण्याच्या पिंपात बुडवल्या, तिने आणि मदतीला असलेल्या शांताबाईने अकरा मुलं त्यांत गुंडाळली आणि समोरच्या भाजीवाल्याच्या टेम्पोत घातली. टेम्पो थेट कोपरला, तिच्या भावाच्या घरी. संध्याकाळी आईबाप धावत आले तेव्हा अकराही जणं टीव्हीसमोर बसून बिस्किटं खात होती. एका आईने तर रचनाचे पाय धरले.

पुढच्या सोमवारी तीच आई मुलाची उशी न्यायला आली. "तुमच्यावर भरवसा आहे हो ताई, पण जागा..." एवढंच बोलली. मे संपेपर्यंत पाळणाघरात एकही मूल उरलं नाही. भाडं चालूच होतं.

"कंपनीने कोणाला भरपाई दिली आहे का?" वकीलबाईंनी विचारलं. मैथिली कर्णिक त्यांचं नाव. पन्नाशी उलटलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"शेजारच्या गॅरेजवाल्याला दिली. चार गाड्यांचा रंग उडालेला त्याच्याकडे. मी पण गेलेली. मला हा फॉर्म दिला."

फॉर्मवर तीन रकाने होते. मृत. जखमी. मालमत्तेची हानी. तिन्हींत रचनाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, निरंक.

कर्णिकबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "असं आहे पाहा. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने तुमचा हात मोडला, भिंत पडली, तर ते नुकसान कोर्टाला दाखवता येतं. भिंत जागेवर, माणसं धड आणि नुसता धंदा बसला, की समोरचा वकील उभा राहतो. म्हणतो, पालक घाबरले त्याला आम्ही काय करणार? घाबरलेल्या प्रत्येकाला पैसे द्यायचे तर त्याला अंत कुठे? आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते."

रचना फॉर्मकडे बघत राहिली. "म्हणजे एखादं पोर आत राहिलं असतं तर..." ती म्हणाली.

"मग माझा खोकला लिहा की," शांताबाई एकदम म्हणाली. "त्या दिवसापासून लागलाय." आणि ती खोकली. खरंच खोकली, दोनदा.

कर्णिकबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "डॉक्टरांचे कागद आहेत?"

शांताबाई समोरच्या कपाटाकडे बघत होती. तिचा पगार दोन महिने दिलेला नव्हता आणि तिने तो एकदाही मागितला नव्हता. रचना गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"मावशी, तुझा खोकला दिवाळीच्या आधीचा आहे."

"कोण विचारतंय?"

"मला विचारतील ना."

शांताबाईने पदर कमरेला खोचला. "पोरं उचलून उचलून त्या दिवशी कंबर धरली माझी. ती पण नका लिहू."

कुणी हसलं नाही. खाली रिक्षावाले सीटसाठी ओरडत होते. कर्णिकबाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

"मी घेईन ही केस. पण दिवाणी दावा आहे. दहा वर्षं धरा. जास्तही लागतील. घरी विचारून या."

"घरी मीच आहे, मॅडम. घाला."

"जिंकालच असं मी म्हणत नाहीये."

"मी पण नाही म्हणत. घाला."

कर्णिकबाई लिहायला लागल्या. तारीख, पत्ता, वेळ. मग विचारलं, "त्या दिवशी आत काय घडलं, ते पाहिलेलं कोण?"

"आम्ही दोघी."

"दावा तुमचाच, आणि ह्या तुमच्या पगारावर. तेवढ्यावर भागणार नाही. आणखी कोणी? टेम्पोवाला?"

"तो कायमचा गावी गेला. फोन पण बंद लागतो."

"मग?"

"मग काय, मुलंच होती."

"त्यातलं सगळ्यात मोठं?"

"सान्वी."

"वय?"

"साडेतीन."

कर्णिकबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग नाव नीट लिहून घेतलं, पुढे वय लिहिलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "साक्षीची तारीख लागेपर्यंत मोठी होईल."