उलटी प्रदक्षिणा

“उपटा खुंट्या!” गहिनीनाथबुवा गरजले.

श्रीगोंद्याकडची ती एकाहत्तर सालची जत्रा. सिनेमाचा तंबू सकाळच्या उन्हात मुकाट उभा होता. बुवांच्या मागं गावची सगळी भजनी मंडळी लोटली होती. रात्री टाळ धरणाऱ्या हातांत आता पहारी होत्या. तंबूचा मालक भिमाजी दोरापुढं आडवा झाला. तंबू गेला तर त्याचं पोटच गेलं.

“बुवा, पेशवाईतला सिनेमा हाय, देवाधर्माचा. माजा गुन्हा तरी सांगा!”

बुवांनी उपरणं सावरलं. रागातही त्यांना निरूपण सुटत नसे.

“वाडा झकास उभा केलाय. समयांचा उजेड असा, की पितळेचं सोनं वाटावं. सरदार दारातून येतो, तर आधी त्याची सावली आत येती, मागनं तो. ज्यानं हे बसवलं त्याला नजर हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. मग देवळात शिरल्यावरच त्याचे डोळे फुटले का? कीर्तनकार बुक्का लावतो, तो डाव्या हातानं! सरदार परदक्षिणा घालतो, ती उलटी! आरतीचं ताट फिरतं, तेबी उलटं! मड्याभवती फिरत्यात तसं देवाभवती फिरवलं! मी तिथंच उठून चालता झालो.”

“उपटा!” मंडळी ओरडली. त्यांच्यातल्या छगननं खुंटीखाली पहार घातली. तंबूचा एक कोपरा खाली बसला.

भिमाजी पांढराफटक पडला. मग एकदम त्यानं विचारलं, “बुवा, काल तुमी आत शिरला कुन्या बाजूनं?”

“पाराकडनं. कीर्तन आटपून आलो, तवर खेळ सुरू झाल्ता. अंधार हुता. जागा दिसली, बसलो.”

“घ्या! ते पडद्यामागचं अंग हाय, बुवा. म्होरं गर्दी झाली, का उरलेली मानसं तिकडं बसत्यात. मागनं उजवं ते डावं दिसतं. म्होरं बसलेल्या कुनालाबी इचारा, परदक्षिणा सुलटीच हाय!”

छगनची पहार तशीच राहिली. कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं बुवा जास्तच पेटले.

“म्हंजे मला मागं बसवलंस? अरं, देवाचं काम दाखवतोस आन् मानसांना मागं कोंबतोस? मागं बसवल्याला मानूस न्हाई समजत का तू? पाडा रे ह्याचा तंबू! पाडाच!”

रंगुबाई खुरपायला निघाली होती. गावाबाहेरच्या वस्तीतली ही म्हातारी बुवांचं एकही कीर्तन चुकवत नसे. तिनं डोक्यावरची पाटी खाली आदळली आणि पहारींच्या मधून सरळ बुवांसमोर आली. एवढ्या जवळ ती कधी आली नव्हती. मंडळी दोन पावलं मागं सरली, शिवायला नको म्हणून.

“बुवा,” ती म्हणाली. “तुमी एक खेळ मागं बसला, तर तंबू पाडाया निघाला. तुमचं कीर्तन ऐकत माजा जलम देवळाच्या मागल्या भिंतीला गेला. आमी काय पाडायचं?”