तीन नंबरचा पिंजरा

सुदर्शनने उंदीर शेपटीला धरून उचलला आणि वहीत आकडा मांडला. शेपटी लुळी पडली की एक, मागचे पाय ओढू लागला की दोन, पायच गेले की तीन. कोरेगाव भीमाजवळच्या त्या प्रयोगशाळेत रोज सकाळी हेच त्याचं काम.

उंदरांच्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजायचं, वायरीवरचं प्लास्टिक सोलावं तसं. प्रयोग करणाऱ्या मॅडम पहिल्या दिवशी हे समजावून सांगत होत्या, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. निमोण्याला त्याच्या घरी बायकोला, तेजश्रीला, हाच आजार होता.

चार पिंजरे, चार बाटल्या. कुठल्या बाटलीत काय, ते बंद पाकिटात. मॅडमनाही ठाऊक नाही, म्हणजे आकडे मांडताना कुणाचं मन झुकायला नको. उंदरांना आजार लावायची सुरुवातीची टोचणी मात्र चारही पिंजऱ्यांना त्याच्यादेखत झाली होती.

वीस दिवसांत तीन पिंजरे आडवे झाले. तीन नंबरमधला एकही उंदीर पडला नाही.

त्या दिवसापासून तीन नंबरच्या बाटलीतलं थोडं थोडं औषध जेवणाच्या डब्यातून निमोण्याला जाऊ लागलं. ही चोरी होती आणि सुदर्शन काही चोर नव्हता. पण बायकोचे पाय डोळ्यांदेखत निकामी होत चालले होते.

"आन् दवाखान्याचं इंजेक्शन?" तेजश्रीने विचारलं.

"ते आता बंद. दोन औषधं एका अंगात नगं. उंदरांनाबी एकच देत्यात."

रोज संध्याकाळी तोच तिला टोचायचा. भिंत धरून का होईना, चालणारी तेजश्री महिन्याभरात खाटेला लागली. तो मोरीत जाऊन रडायचा.

"गुण यायला येळ लागतो," बाहेर येऊन तो म्हणायचा.

"उंदीर चालत्यात न्हवं?"

"पळत्यात."

"मग झालं तर. तुमी हाय तवर मला कशाची भीती?"

पाकीट उघडलं त्या दिवशी मॅडम खुशीत होत्या. "दोन नंबरचं औषध लागू पडलं. पडलेले उंदीर उठून चालायला लागले, ते त्यामुळेच!"

"आन् तीन नंबरचं, मॅडम? त्यातला तर एकबी पडला न्हाई."

"ते कशाला पडतील, सुदर्शनदादा? तुलनेसाठी निरोगी ठेवले होते ते. त्यांच्या टोचणीत आजार नव्हताच, आणि बाटलीत नुसतं मिठाचं पाणी होतं."