शून्याचा फोटो

वडवणीच्या विलासनं श्वास मोजणारा पट्टा बनवला होता. पेटंटच्या अर्जाला एकच फोटो राहिला होता, रिकाम्या खाटेवर शून्य दाखवणारा. पण बायको वनिता ज्या खाटेवर वारली, ती रिकामी असतानाही तिथं पट्टा मिनिटाला चौदा श्वास दाखवायचा. जमिनीवर ठेवला की शून्य.

"पेशंट न्हाई तरी मोजतंय! लई हुशार मशीन हाय बे," शेजारचा शहादेव हसत निघून गेला.

वनिता असताना चाचणी तिच्यावरच व्हायची. शून्य बघायचं असलं की विलास तिला श्वास धरायला सांगायचा.

आज पट्टा खाटेवर ठेवून सवयीनं म्हणाला, "वने, श्वास धर."

शून्य आलं. त्यानं फोटो काढला. हलला, म्हणून आणखी दोन काढले. मग दचकून म्हणाला, "सोड, सोड आता!"

आकडा चाळिसावर गेला, धाप लागल्यासारखा.