कुंपणापलीकडचा ट्रक

हंगामभर ज्याच्या बॅटला चेंडू धड लागला नव्हता, त्या कोल्बीने आज असा फटका हाणला की चेंडू कुंपणावरून गेला तो थेट ऑर्व्हिलच्या ट्रकची काच फोडून आत. गावातल्या माजी सैनिकांनी पोसलेली ही पोरांची बेसबॉलची टीम, आणि ऑर्व्हिल त्या सैनिकांचा म्होरक्या. चारही बेस पळून होताच कोल्बी रडवेला होऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"चुकलं, सर. पण ट्रक तिथे लावू नका, असं सगळे सांगत होते ना तुम्हाला?"

म्हाताऱ्याने त्याला उचलून गरकन फिरवलं.

"सांगतायत की! व्हिएतनामहून परतल्यापासून दर उन्हाळ्यात सांगतायत. मी मुद्दाम तिथेच लावतो, पोरा. आज कुणीतरी तिथवर चेंडू पोचवला एकदाचा!"